कलमाखालची फूट

२१ जानेवारी १९७३, शेलूबाजार

अकोल्याच्या दवाखान्यातून आज ह्यांना घरी आणलं. एसटीत ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली, मानाची. जन्मभर ज्या माणसाने एसटी हाकली त्याला आज दोघांनी धरून खाली उतरवलं. ड्रायव्हर ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. "गोपीचंदभाऊ, लवकर ड्यूटीवर या," म्हणाला आणि लगेच तोंड फिरवून आरसा पुसायला लागला. हे हसले. म्हणाले, "ब्रेक लागत नाही ना लेका आता गाडीले."

डॉक्टरांनी एक सोडून बाकी सगळी औषधं बंद केली. "बाई, आता घरी न्या. मनाला येईल ते खाऊ द्या. पथ्याची काही गरज नाही." मी विचारलं, पुन्हा कधी दाखवायला आणू? तर म्हणाले, तशी गरज पडणार नाही. पथ्य सुटलं, औषध सुटलं, म्हणजे सुधारणाच आहे की. शाळेत शिकवताना एवढी वर्षं हेच पाहत आले, पोराचं औषध बंद झालं की पोरगं बरं झालेलं असतं. मग माझ्या छातीत हे काय धडधडतं आहे? प्रवासाचा शीण असेल.

घरात पाय ठेवल्याबरोबर ह्यांना चहा नको, पाणी नको. "पयले परसात ने." परसात म्हणजे संत्र्याच्या झाडापाशी. सात वर्षांपूर्वी वरुडकडून कलम आणलं होतं, एसटीच्या टपावर, पोत्यात गुंडाळून. खाली जंबेरीचा आंबट खुंट, वर नागपुरी संत्रा बांधलेला. सात वर्षांत त्याला एक फूल आलं नाही. मी कितीदा म्हटलं की तोडा आणि तिथे वांगी लावू. पण ऐकतात कोण?

मी आधार देऊन उभं केलं होतं, तरी वाकले, खुंटाला खालून फुटलेला एक कोंब नखाने मोडला आणि मगच बाजेवर टेकले. "सांध्याच्या खालून फुटलं ते संत्रा नाही वं, ते जंबेरी. ते मोडतच राहा लागते, नाही तं वरचं उपाशी मरते." हे मला शंभरदा सांगून झालेलं आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. वर्गात अर्धीच पोरं. बाकीची आईबापांबरोबर दुष्काळी कामावर, खडी फोडायला. आली त्यातली दोन उन्हात उभी राहवेनात म्हणून खाली बसवली. कोरडं वर्ष आहे, पोटात काही नाही तर झेंड्याकडे मान वर करून कशी पाहतील!

आमच्या विहिरीत नुसता गाळ उरला. पलीकडच्या कुलसुमबीच्या विहिरीला मात्र अजून झरा आहे. अन्सारभाईंचं बाजारात सायकलचं दुकान, आणि ही बाई दिवसभर गावाला पाणी वाटत बसलेली. मला रोज दोन घागरी भरून देते आणि वर दोन गोष्टी सुनावते. ह्यांना ती मेहुणा मानते. आज म्हणाली, "बाई, दूल्हेभाईले दर्ग्यावर घेऊन जाऊ ना एकदा. तुमचं काय जाते?"

मी म्हटलं, "कुलसुमबी, आमी बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा सासूबाईनं देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हातानं नाल्यात सोडले. आता मी कोनापाशी हात जोडू?"

"हात नको जोडू. हवा तं खाऊन येऊ."

ह्यांचं पोट पुन्हा फुगलं आहे. डोळे हळदीसारखे. हे म्हणतात, "गावात पानी नाही, अन् माह्याच पोटात भरून राह्यलं. सरकारले कळवा." मला हसू आलं नाही. गावातले लोक कुजबुजतात, लिव्हर गेलं म्हणजे पीत असला पाहिजे. ह्यांनी कधी थेंबाला हात लावला नाही. एकाला तर मी शाळेच्या दारातच झापलं. म्हटलं, तुझ्या तोंडाचा वास इथवर येतो, आधी तो सांभाळ.

४ फेब्रुवारी

परसात वारा फिरला आहे. शेवग्याला फुलांचे घोस आले, पानापेक्षा फूल जास्त. कुलसुमबीच्या आंब्याला मोहोर दिसतो. मोगरा छाटायचा राहिला होता तरी त्याला बुडाशी तांबूस डोळे फुटले. दरवर्षी हे सगळं पाहून मला बरं वाटतं. यंदा वाटतं, कशाला? कोणी बोलावलं होतं तुम्हाला?

संत्र्याची मात्र पानं गळून गेली. काड्या उघड्या पडल्या. मी म्हटलं, गेलं हे झाड. तर हे बाजेवरून म्हणतात, "गेलं नाही. ताण बसला त्याले. बागवाले मुद्दाम पानी तोडतात, झाडाले उपाशी ठेवतात, तेव्हा कुठं बहार येते. आपल्याले दुष्काळानं फुकटात ताण दिला." मग म्हणाले, "आता पानी दे त्याले. पाह्य कसं फुलते ते."

हे ऐकून माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! माझ्या अंघोळीचं पाणी झाडाला. भांड्यांचं पाणी झाडाला. एवढंसं पाणी, ते वाया जाऊ नये म्हणून बुडाशीच ओतते. मग उन्हाने सुकू नये म्हणून खुंटाभोवती चांगली गुडघाभर माती चढवली, वरून ओलं पोतं गुंडाळलं. जशी ह्यांना दोन गोधड्या घालते आणि खिडकी लावून घेते, तसंच.

"अवं, सांधा झाकला तू! त्याले हवा लागते. पानी बी लांबून टाक, आळं करून."

"तुमी गप पडा. तुमच्यापाशी ताकद असती तं तुमीच टाकलं असतं."

ह्यांनी कूस बदलली. मला मागून वाईट वाटलं. पण पोतं तसंच ठेवलं. उघडं पडलेलं मला काही पाहवत नाही.

११ फेब्रुवारी

फुललं!

सकाळी दार उघडलं तर आधी वास आला. झाड काय, पांढरं शुभ्र! पान एक नाही, नुसती फुलं आणि कळ्या. मधमाश्यांचा नुसता गोंगाट. मी पोरीसारखी ओरडत आत गेले, ह्यांना उचलूनच बाहेर आणलं म्हणायचं. अंग किती हलकं झालं आहे, फक्त पोट जड.

हे पाहतच राहिले. एक काडी जवळ ओढून पान आहे का शोधलं. मला वाटलं, आनंदाने विश्वास बसत नाही. मग म्हणाले, "लय फुललं वं." एवढंच.

मी लोकांना सांगत आले, शकुन-अपशकुन काही नसतो, मांजर आडवं गेलं तर त्याला उंदीर दिसला असेल. वर्गात पोरांकडून वदवून घेते. आणि आज मी फुलांखाली उभी राहून काय म्हटलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही. मी म्हटलं, सात वर्षांनी हे फुललं, तर हेही उठतील. फळ पिकेस्तोवर राहतील. फळ पिकेल दिवाळीच्या आसपास. दिवाळीपर्यंत राहिले म्हणजे मग राहिलेच.

कुलसुमबीने ताईत आणून दिला. मी परत केला. म्हटलं, माझा ताईत परसात उभा आहे. तिने तो पदराच्या गाठीत बांधून परत नेला.

१२ फेब्रुवारी

ह्यांनी दोन घास भात जास्त खाल्ला. मी म्हटलं नव्हतं?

१८ फेब्रुवारी

मेडशीहून देवमन आला, ह्यांचा धाकटा भाऊ. शेती तोच पाहतो. आल्या आल्या परसात गेला, झाड पाहून बोलला, "वयनी, हे तं लयच..." आणि थांबला. भावाकडे पाहिलं. दोघांची नजर झाली आणि दोघंही खाली पाहायला लागले.

मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं हळू आवाजात बोलत होते. मला पाहून गप्प. शेताच्या वाटणीचं असणार. एवढ्या आजारात कसली वाटणी काढतो हा, असा राग आला. चहाची कपबशी आदळलीच त्याच्यापुढे. देवमनचे डोळे लाल झाले होते. म्हणाला, चुलीचा धूर लागला. परसात कुठे आली चूल?

जाताना मला म्हणाला, "वयनी, शाळेतून रजा घ्या थोडी."

"कायले? आता तं उलट बरं होऊन राह्यलं."

"घ्या पन."

एसटीपर्यंत पोचवायला गेले तर रस्त्याकडेचा पळस पेटलेला. खाली पाचोळा आणि वर ते लाल. पाहून माझं डोकंच दुखायला लागलं.

२५ फेब्रुवारी

आज भांडण झालं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुपारी बाज झाडाच्या सावलीत ओढून दिली. सावली कसली, काड्यांची जाळी. हे एकदम म्हणाले, "ललिते, एक काम करजो. फुलं तोडून टाक."

"काय?"

"सारे तोडून टाक. झाडात तेवढा जीव नाही. एवढा बहार त्याले पेलत नाही. फुलं तोडले तं झाड वाचंल कदाचित. औंदा नाही, पुढच्या साली नाही, पन दोन वर्सानं संत्री खाशील."

"खाशील म्हंजे? मी एकटीच खाईन? तुमी कुठं जाता?"

हे भिंतीवरच्या खारीकडे पाहत बसले.

"बोला ना! कुठं जाता तुमी?"

"तुले झाड पायजे का फुलं?"

"मले दोन्ही पायजे!" मी ओरडले. "सात वर्स वाट पाह्यली, आता भरल्या ताटाले लात मारू? तुमाले आजारानं याड लागलं. एक फूल तोडलं तं याद राखा!"

कुलसुमबी भिंतीवरून डोकावली आणि लगेच खाली बसली. संध्याकाळी मी पुन्हा पाणी घातलं, पोतं ओलं केलं. त्यांनी त्या पोत्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

२ मार्च

पोत्याखालून काहीतरी चिकट पिवळं गळतं आहे. डिंक असावा. बाभळीला येतो तसा. डिंक म्हणजे ताकदच असणार, बाळंतिणीला आपण देतोच की लाडवातून.

ह्यांना आज मधूनच भान नव्हतं. मला विचारलं, मंगरूळची पहिली गाडी गेली का? मी म्हटलं गेली. "मंग मी इथं काय करून राह्यलो?" म्हणाले आणि उठायला लागले.

खरं लिहू? मला भीती वाटते. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच थांबते, काय लिहीत होते तेच आठवत नाही. घराजवळ आल्यावर पाय मुद्दाम हळू टाकते. दारातून आधी झाडाकडे पाहते, मग ह्यांच्याकडे. झाड पांढरं आहे ना, मग ठीक आहे. हे असं करणारी बाई मी कधी झाले?

पाकळ्या गळायला लागल्या. नवीन पान अजून एकही नाही.

६ मार्च

शाळेतून आले तर बाज रिकामी.

हे झाडाखाली बसले होते, उघड्या मातीवर. बाजेपासून तिथवर सरकत गेल्याची रेघ धुळीत उमटलेली. मांडीवर, धोतरावर, चोहीकडे फुलं. बसल्या बसल्या हात पुरेल तिथवरची प्रत्येक काडी मोकळी केलेली. एक कळी ठेवली नव्हती. खाली नुसत्या काड्या आणि वर पांढरं. नखं हिरवी झाली होती.

"वरचे तू तोड," म्हणाले. "स्टुलावर चढ. माह्या हातून होत नाही."

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. म्हटलं, त्यापेक्षा मलाच तोडून टाका. म्हटलं, तुमाले जगायचंच नाही, माह्यं काही पडलं नाही तुमाले. कुलसुमबी धावत आली. आम्ही दोघींनी उचलून आत नेलं. एवढ्या आजारात कधी रडले नव्हते हे. आज डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं नाही. रागात होते मी.

वरची फुलं मी तोडली नाहीत.

७ मार्च

सकाळी ह्यांनीच विचारलं, "रुसली का वं?"

मी म्हटलं, "रुसायले फुरसत पायजे."

हसले. म्हणाले, खिडकी उघड. मी उघडली. फुलांचा वास आत आला. बराच वेळ घेत राहिले. त्या वासासाठी तरी फुलं राहू दिली ते बरंच झालं ना?

२३ मार्च

हे गेले. नऊ तारखेला, सकाळी. खिडकी उघडीच होती. मी पेज गाळत होते.

पुढचं लिहायचं नाही. वंदना झाली, माणसं आली, गेली. आमची चूल बंद होती, तेव्हा कुलसुमबीच्या घरून भाकरी आल्या. तिने एकदाही ताइताची गोष्ट काढली नाही.

वरच्या फुलांतून फळ एकही धरलं नाही. देठ काळे पडून गळाले. परसभर त्यांचाच कचरा. झाडायला हात उठत नाही. समोर आंब्याला बोराएवढ्या कैऱ्या लागल्या आहेत, आणि कोकीळ सकाळपासून ओरडतो. कोणाला बोलावतो मेला! दगड मारला मी. लागला नाही.

१ एप्रिल

देवमन आला. परसात जाऊन पोतं सोडलं, माती हाताने बाजूला केली. खाली खोडाची साल काळी, मऊ पडलेली. बोट लावलं तर सुटून आली. कुजका वास आला.

"वयनी, माती कोनं चढवली हे?"

"मी."

"भाऊनं सांगतलं नाही तुमाले?"

"सांगतलं होतं."

तो हात धूत बसला. धुऊन झाले तरी धूतच होता. मी म्हटलं, "देवमन, त्या दिवशी तुमी दोघं शेताचं बोलत होते ना?"

"शेताचं कायचं बोलतो मी!" तो म्हणाला. "झाड मरायच्या आधी असंच फुलते वयनी, सारा जीव लावून. पान नाही अन् नुसतं फूल. भाऊले पयल्याच दिवशी समजलं. म्हने, ललितेले सांगू नको. लय खूश आहे ते. तिले वाटून राह्यलं का मी बरा होतो. वाटू दे. म्हने, मी तं राहत नाही, पन फुलं तोडले तं झाड तरी राहीन तिच्यापाशी. मले म्हने, तू तोडजो. मी म्हटलं, वयनी मले घरात घेनार नाही."

घेतलं नसतंच.

मी आत गेले आणि ह्यांच्या शर्टांच्या घड्या घालत बसले. घड्या घातलेल्याच होत्या. पुन्हा मोडल्या, पुन्हा घातल्या. त्यांनी एवढंच मागितलं होतं. स्टुलावर चढायचं होतं फक्त.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीचे ढोल बाजाराकडून ऐकू येतात. दरवर्षी हे निळा फेटा बांधून पुढे असायचे. मला बोलवायला बायका आल्या होत्या, मी मागून येते म्हटलं. जाणार नाही.

झाड वरपासून वाळत खाली आलं. ह्यांनी मोकळ्या केलेल्या काड्या सगळ्यात शेवटी वाळल्या. त्यांच्यात अगदी परवापर्यंत ओल होती. नखाने खरवडून पाहत होते मी रोज. काल त्याही कडकड मोडल्या.

दुपारी कुलसुमबी भिंतीवरून ओरडली, "बाई, ओ बाई! इकडे या! झाड फुटलं तुमचं! अल्लाचा करम पाहा!"

गेले. खरंच फुटलं होतं. बुडाशी हिरवागार कोंब, चांगला वीतभर, रुंद पान, लांब काटा. सांध्याच्या खालून. जंबेरी.

कुलसुमबीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "म्हटलं नव्हतं मी? दूल्हेभाईची निशानी आहे. आता येतील संत्री, पाहा." मिरवणुकीतून परतलेल्या दोघीतिघी तिच्या आवाजाने आत आल्या, त्यांनीही पाहिलं. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना किती बरं वाटलं! मी म्हटलं, हो. फुटलं.

त्या गेल्यावर मी खाली बसले. कोंबाला नख लावलं. हे असते तर येता-जाता मोडून टाकला असता. त्याच्या वर आता उपाशी मरायला काही उरलेलं नाही. नख काढून घेतलं.

त्याला कधी संत्री येणार नाहीत. ते झाड नाही, ती फक्त आंबट खुंटाची फूट आहे, हे इथे मला एकटीलाच माहीत आहे. तरी संध्याकाळी घागरभर पाणी घातलं. बुडाशी नाही. लांबून, गोल आळं करून, सांधा उघडा ठेवून, तुमी सांगितलं होतं तसं.